काडतूसमावशी आणि आजोबा

हिंग आणि बंदुकीची दारू असा जोडवास येणारं माणूस नेदरलँड्समधल्या आमच्या न्यूनेन गावात एकच होतं, आमच्या काडतूसमावशी. नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्याहून आल्या, तो गेल्यावर इथेच राहिल्या, आणि आम्ही सगळे त्यांना भजनाला बोलवत असताना नेमबाजीच्या क्लबात दाखल झाल्या.

त्यांचं रिव्हॉल्व्हर शंभरी ओलांडलेलं. त्याला त्या ‘आजोबा’ म्हणत. जुन्या हत्यारांची वेगळी स्पर्धा असे, पण मावशी हट्टाने नव्या पिस्तुलांच्यातच उतरत. ती पटापट सुटत. आजोबांचा घोडा मात्र दर गोळीला अंगठ्याने मागे ओढावा लागे. त्यामुळे फेरीतल्या पाच गोळ्या वेळेत कधीच संपत नसत. “नवीन घ्या ना,” मी म्हणे. “अगं, नवरा नाही बदलला, याला कशाला बदलू?”

गेल्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला. आता एकच स्पर्धा, त्यानंतर बंद, असं हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, बजावलं. मावशींनी ध्यासच घेतला, एकदा तरी पाचही गोळ्या वेळेत सुटल्या पाहिजेत. वरण उकळत असताना रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर अंगठ्याचा सराव चाले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. मावशींनी आजोबांची यथासांग पूजा केली. हळद, कुंकू, झेंडू, वर मूठभर अक्षता. “आजोबा, उद्या लाज राखा हो.”

दुसऱ्या दिवशी चार गोळ्या धडाधड सुटल्या. धुराने शेजारचे खोकले. पाचव्यांदा घोडा पडला तो नुसताच ‘टक्’. परीक्षक योस यांनी रिव्हॉल्व्हर तपासलं आणि घोड्याच्या खाचेतून कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा काढला.

“हत्यार बिघडलं असेल तर फेरी परत मिळते,” ते इंग्रजीत म्हणाले. “बिघडलंय का?” बिचारे चक्क पळवाट दाखवत होते. ‘हो म्हणा’ असं मी मान हलवून हलवून खुणावलं.

“आजोबांची काही चूक नाही,” मावशी म्हणाल्या. “दाणा माझा.”

फेरी चारवरच संपली. गाडीत मावशी आधी हसल्या, “भक्ती जरा जास्तच झाली गं,” आणि मग रडल्या.

यंदा हिवाळ्यात त्या गेल्या. आजोबा क्लबला देऊन गेल्या. खंडेनवमीला सकाळीच योस यांचा फोन आला, “आज बाईंचा तो शस्त्रांचा दिवस ना? या.”

मी गेले. आजोबांना झेंडू वाहिला. अक्षतांची वाटी पुढे केली, तशी योस यांनी ती हळूच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. मग रिव्हॉल्व्हरमध्ये एकच गोळी भरली, अंगठ्याने घोडा ओढला आणि चाप दाबला.

“पाचवी,” ते म्हणाले.

नेम कुठे लागला ते धुरात दिसलं नाही. आम्ही दोघंही बघायला गेलो नाही.