देव्हाऱ्यात राहिलेला जॅक

देवीकडे लोक लेकरू मागतात, नोकरी मागतात, पीकपाणी मागतात. मी जॅक मागितला होता. मोहाडीच्या देवीसमोर हात जोडून उभी राहिले आणि मनात म्हटलं, माय, दुकानात तीन जॅक पाहून आले, यातला कोणता घेऊ ते तूच सांग. आज लिहिताना हसू येतं, त्या दिवशी येत नव्हतं. तिच्यावरचा माझा विश्वास तेव्हा पार पातळ झाला होता. उरलासुरला खरा आहे का, तेच मी पारखून पाहत होते.

कारणही तसंच होतं. माझे यजमान जन्मभर ड्रायव्हर. ट्रॅक्टर चालवला, जीप चालवली, कोणाचं अडलं की अर्ध्या जेवणावरून उठून जायचे. अशा माणसाच्या दोन्ही किडन्या गेल्या. आंधळगावाहून भंडाऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. भाड्याची गाडी कधी मिळे, कधी ऐन वेळी दगा देई. लेक लग्न होऊन दूर गेलेली. शेवटी बावन्नाव्या वर्षी मीच स्टिअरिंग धरलं. "बाईमानसाचं काम नोहे ते," म्हणून यांनी शिकवायला नकार दिला, तर मी मोहाडीच्या क्लासला जाऊन शिकले. मला कोणी नाही म्हटलं की माझ्या अंगात वेगळंच बळ येतं, हा माझा जुना दोष आहे.

जुनी छोटी गाडी घेतली. तिच्यात जादा चाक होतं, पाना होता, पण चाक बदलताना गाडी उचलायचा जॅक नव्हता. भंडाऱ्याच्या दुकानदारानं तीन जॅक काउंटरवर मांडले. एक चाकांवर सरकणारा, इतका जड की मला उचलता उचलेना. दुसरा बाटलीसारखा उभा, तेलाच्या दाबावर चालणारा. तिसरा कात्रीसारखा, मिटला की चपटा होणारा, दांडा फिरवून वर चढवायचा. "बाटलीवालाच न्या, ताकद लागत नाही," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मी उद्या सांगते म्हणाले आणि परतताना मोहाडीला देवीपुढे उभी राहिले.

देवीनं काही सांगितलं नाही. फूल पडलं नाही, घंटा आपोआप वाजली नाही. मी फुरंगटूनच बाहेर आले. गाडीजवळ सँडलचा पट्टा लावायला वाकले आणि नजर गाडीखालच्या फटीकडे गेली. एकदम मनात आलं की चाकातली हवा गेल्यावर ही फट आणखी खाली येईल, मग तो उंच बाटलीवाला आत जाईल कसा? घरी येऊन मुद्दाम एका चाकाची हवा काढली आणि जॅक लावायच्या खाचेखाली हात घालून मोजलं. फट माझ्या वितीला दोन बोटं कमी भरली. पुढच्या फेरीला दुकानात बाटलीवाल्यालाही वीत लावली. तो पुरती वीत होता. कात्रीवाला मिटून अर्धी वीत. किती वजन पेलतो ते गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहिलं आणि तोच घेतला. दुकानदार म्हणाला, "बाई, असं मोजून घेणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा पाहून राहिलो." त्या दिवशी गाडी मी जरा ऐटीतच चालवली.

अंगणात तीनदा चाक काढून बसवून पाहिलं. पहिल्यांदा जॅकचा पाय भुसभुशीत मातीत रुतला, म्हणून सुताराकडून हातभर सागाची फळी करून घेतली. हे खाटेवरून बघत होते. "खेळणं आनलं तुनं," एवढंच म्हणाले. मला राग आला, पण त्यांच्या डोळ्यांत काय होतं तेही मला दिसत होतं. ज्याच्या हातानं शेकडो चाकं बदलली, त्याला खाटेवरून बायकोचं चाक बदलणं पाहावं लागत होतं.

दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या साऱ्या अवजारांची पूजा होते आणि मांडलेलं अवजार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवत नाहीत. विळा, कुऱ्हाड, यांचे जुने पाने-पक्कड पाटावर मांडले आणि मोठ्या कौतुकानं मध्यभागी माझा जॅक ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच डायलिसिस होतं. निघताना हे म्हणाले, "जॅक घे तो. गाडीचा जॅक गाडीत पायजे, देव्हाऱ्यात नाई."

"पूजेतला कसा हलवू? आल्यावर घेईन. एका दिवसानं काय होते? देवी पायते."

खरं सांगायचं तर त्यात भक्ती थोडी होती आणि यांचं ऐकायचं नाही ही जिद्द जास्त.

मोहाडी सोडून थोडं पुढे गेलो तोच मागचं डावं चाक बसलं. मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकांना मी भिते, म्हणून धानाच्या बांध्यांमधला, शेतांतून जाणारा आडरस्ता घेतला होता. आसपास घर नाही. मोहाडीच्या मिस्त्रीला फोन केला, तर तो म्हणाला दीड तास लागेल. नऊपर्यंत पोचलो नाही तर आमचं मशीन पुढच्या पेशंटला जाणार होतं. मागच्या वेळी बीपी उतरल्यामुळे यांचं डायलिसिस अर्ध्यातच थांबवलं होतं. त्यामुळे अंगात पाणी साचून रात्रभर धाप लागलेली. आताही दार धरून उभे होते आणि श्वास तोंडानं घेत होते. मी डिक्की उघडली. फळी होती, पाना होता. जॅक पाटावर कुंकू लावून बसला होता. यांनी डिक्कीत एकदा पाहिलं आणि नजर बांध्यांकडे वळवली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी देवीला शिव्या घातल्या, अगदी मोजून. मग रडू आलं.

"काय झालं वो बाई? काहून रडून राहिल्या?"

पलीकडच्या बांधीत लवकर पिकणारं हलकं धान कापणाऱ्या सहाजणी विळे घेऊन बांधाच्या धुऱ्यावर उभ्या होत्या. पुढची माझ्याच वयाची, डोक्याला पदर घट्ट बांधलेली. तिचं नाव शेवंताबाई हे मागाहून कळलं. मी कसंबसं सांगितलं. तिनं यांच्याकडे एकदा पाहिलं, चाकाकडे पाहिलं आणि बाकीच्यांना म्हणाली, "मचानीची बल्ली काढा वो."

रानडुकरांपासून धान राखायच्या मचाणीला टेकवलेली सागाची लांब बल्ली, चांगला जाडजूड वासा, चौघींनी खांद्यावर आणली. एकीनं मोठा दगड आणला. रस्त्याची कड ओली होती, दगड रुतायला लागला. तेव्हा मला माझी फळी आठवली. फळीवर दगड, दगडावर बल्ली. बल्लीचं टोक कुठे लावायचं ते मला अंधारातही सापडलं असतं, ती खाच माझ्या वितीनं मोजलेली होती. पण आधी मी हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, पुढच्या चाकाला धोंडा लावला आणि चाक जमिनीवर असतानाच नट ढिले केले. हे धापा टाकत बल्ली धरायला पुढे आले.

"त्या हातानं वजन उचलाचं नाई," मी ओरडले. डायलिसिसच्या सुया लागतात तो हात होता.

"बसा भाऊ, आमी सहाजनी काय कमी हाओ का?" शेवंताबाईनं त्यांना धानाच्या भाऱ्यावर बसवलं.

सहाजणी बल्लीवर ओणवल्या. गाडी कुरकुरत वर उठली. मी जुनं चाक ओढलं, नवं बसवलं, नट हातानं फिरवले. तोवर सहाजणींपैकी एकीनंही बल्ली सोडली नाही. गाडी खाली आल्यावर पान्यावर पाय देऊन नट कसले. मग मला राहवलं नाही, मी शेवंताबाईच्या पायाशी वाकले.

"माय, देवीच आली तुमच्या रूपात."

तिनं मला दंडाला धरून उभं केलं. "जय भीम बाई. आमी बौद्ध हाओ. मले देवी नोको बनवू, अर्धी बांधी कापाची हाय अजून. भाऊले घेऊन जा लवकर."

नऊला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. सुया लागल्या, मशीन सुरू झालं, हळूहळू यांचा श्वास शांत होत गेला. मी कोपऱ्यात बसून हाताचं काळं पुसत होते. नर्सनं रोजच्यापेक्षा उशीर का झाला विचारलं, तर हे म्हणाले, "पंक्चर झालं होतं. माया बायकोनं चाक बदललं. जॅक नव्हता, तरी बदललं." आजूबाजूच्या चारही पेशंटांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्याविषयी इतक्या मोठ्यानं ते पहिल्यांदाच बोलले. मी खिडकीकडे तोंड केलं.

ती देवीची कृपा होती की सहा बायांची, हा वाद मी घालत नाही. शेवंताबाईला नसेल पटत, मला पटतं, आणि आता जाता-येता तिच्याकडे थांबले की दोघी चहा पिताना यावर भांडतो. एवढं मात्र कळलं की भार देवीवर टाकायचा म्हणजे हातचं सामान तिच्याजवळ ठेवून रिकामं निघायचं नाही. आपलं सगळं करून जे उरतं ना, ज्याला आपली वीत पुरत नाही, तेवढंच तिचं. मी उलट केलं, तरी तिनं धकवून घेतलं.

यंदाच्या दसऱ्याला जॅकला डिक्कीतच कुंकू लावलं. आत येऊन पाहते तर यांनी अवजारं मांडून पाटाची मधली जागा मोकळी ठेवलेली.

"हात ठेव इथं," म्हणाले. "दोनी."

"मी काय पाना हाय का?"

"ठेव म्हनलं ना."

मी हात ठेवले. त्यांनी दोन्हींवर हळद लावली, कुंकू लावलं, फूल ठेवलं आणि नमस्कार केला. मग म्हणाले, "हे मातर उद्यापर्यंत इथं ठेवता येनार नाई. सकाळी गाडी कोन चालवन?"