बिनलसणाच्या डंकात माझा लसूण

बेळगावच्या ज्या प्रेसमध्ये मी कार्डं छापायला दिली, तिथल्या मालकानं मजकूर वाचला आणि चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. माझ्या नावाखाली ‘ब्रँड स्ट्रॅटेजिस्ट’ असं होतं. “हे काय असतंय?” त्यानं विचारलं. मी समजावून सांगितलं. प्रत्येक धंद्यामागं एक गोष्ट असते, ती शोधायची, लोकांच्या काळजापर्यंत पोचवायची, मग माल आपोआप खपतो, वगैरे. त्यानं सगळं निवांत ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे एजंट.”

त्याचं तिथंच ऐकायला पाहिजे होतं. पण मी रागानं जास्तीचा गठ्ठा छापायला सांगितला.

त्याआधी मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत होतो. ओतून आलेले लोखंडी भाग तपासायचे, भेग दिसली की खडूनं फुली मारायची. जाता-येता बसमध्ये कानात पॉडकास्ट. कुणी नोकरी सोडून नाचणीची बिस्किटं विकायला लागला होता, कुणी आईचं लोणचं अमेरिकेला धाडत होता. सगळ्यांना आई होती, सगळ्यांकडं लोणचं होतं आणि सगळे शेवटी सांगायचे, आम्ही माल विकत नाही, आठवणी विकतो. पिरनवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाला पाइपांचं दुकान होतं, ते बंद होऊन तिथं पॉडकास्टचा स्टुडिओ निघाला. आत दोन खुर्च्या, दोन माईक, कुंडीत प्लॅस्टिकचं झाड. निपाणीकडं जाताना हायवेवरच्या चहाच्या गाड्यावरसुद्धा ‘आमचा प्रवास’ असा बोर्ड लागला. गाडा जागचा हललेला नव्हता, तरी त्याचा प्रवास झाला होता. मला वाटलं, आता नाही उठलो तर मी फुल्या मारतच म्हातारा होणार. नोकरी सोडली.

बायको म्हणाली, “आता काय करणार म्हणं?”

“लोकांच्या गोष्टी सांगणार.”

“घरात हूं की चूं न्हाय. बाहीर गोष्टी सांगणार व्हय?”

माझं मूळ गाव कोगनोळीच्या अलीकडं, हायवेपासनं आत. तिथं आमच्या शेजारी एक जैन कुटुंब. त्या घरातल्या कर्त्या बाईला सगळं गाव आक्का म्हणतं, मीही म्हणतो. शाळेतनं आल्यावर आमच्या घराला कुलूप असलं, की आई शेतातनं येईपर्यंत मी आक्काच्या स्वयंपाकघरात भाकरी-चटणी खात बसायचो. ही चटणी म्हणजे आमच्याकडची लाल चटणी. मिरची, धने, तीळ, खोबरं कांडून वर्षाची बेगमी करतात ती. आक्का ती विकायची. समाजातल्या बायका निपाणीतनं, चिकोडीतनं फोन करायच्या, आक्का पिशवी बांधून एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. जाहिरात नाही, बोर्ड नाही, पिशवीवर नावसुद्धा नाही.

मग तिची सून बेंगळूरची नोकरी सोडून गावी आली. आता हा धंदा मोठा करायचा, चटणी बाहेरगावी ऑनलाइन धाडायची, असं तिनं मनावर घेतलं. गावात परत येऊन काय करणार म्हणून माहेरचे, सासरचे, वाटेनं जाणारेसुद्धा तिला विचारत होते. तिनं मला बोलावलं. मी कार्ड दिलं. आक्कानं ते हातात धरून उलटंपालटं केलं. मागची बाजू कोरी होती.

“हिकडं काय न्हाय लिवलं?”

“तसंच असतंय आक्का. मोकळं ठेवायची फॅशन हाय.”

“बरं,” आक्का म्हणाली. “कर काय ते. फकस्त एक ध्यानात ठेव बाबा. ह्या बायका माझ्यावर डोळं झाकून खात्यात. त्यांचं डोळं उघडायला लावू नकोस.”

मी जोरात मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून तरबेज.

दिवसभर मी शूटिंग केलं. गच्चीवर वाळत घातलेली संकेश्वरी मिरची, देठ खुडणारे हात, खोबऱ्याच्या वाट्या, आणि मागच्या सोप्यात आक्काचा स्वतःचा डंक. डंक म्हणजे चटणी कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळ वरखाली होतं आणि खालच्या उखळात धप्प-धप्प पडतं. गावात सार्वजनिक डंक असताना हिनं घरात वेगळा का बसवला, हे मी विचारलं नाही. मला फक्त त्याचा आवाज आवडला.

रात्री रील जोडायला बसलो तर एक उणीव दिसली. पॉडकास्टवाले सांगतात, पहिल्याच क्षणाला बघणाऱ्याचं बोट थांबलं पाहिजे. मिरचीनं बोट थांबेना. मग मला आमच्या घरचं एक जुनं चित्रण आठवलं. बायको खलबत्त्यात लसणाचा गड्डा ठेचतेय, पाकळ्या फुटताहेत, बाजूला तेलात कांदा लाल होतोय. काय आवाज! काय रंग! ते मी सगळ्यात पुढं जोडलं. खाली लिहिलं, ‘आक्काच्या घरची अस्सल चटणी’. आणि सासू-सुनेला चकित करायचं म्हणून न दाखवताच सोडून दिलं.

आमच्या भागात चटणी म्हटलं की कांदा-लसूण. आमच्या घरात तर लसणाशिवाय चटणी म्हणजे नवऱ्याशिवाय लग्न. पण ज्या घरात मी लहानपणापासून खाल्लं, त्या घरात लसूण कधी येतच नाही. जमिनीखाली वाढणारं ती माणसं खात नाहीत, हे शेजारपाजारच्या पोराटोरांना ठाऊक. मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, पण कॅमेरा हातात आला की मला ठाऊक असलेलं सगळं माझ्या कार्डाच्या मागच्या बाजूसारखं कोरं होतं.

रील पळालं. नुसतं पळालं नाही, समाजाच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपात शिरलं. मी खुशीत मोबाइल बायकोपुढं धरला. तिनं बघितलं आणि म्हणाली, “ह्यो माझा खलबत्ता हाय. आक्कांच्या घरात कशाला गेला?”

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं, तेवढ्यात फोन वाजला. आक्का एकच शब्द बोलली. “ये.”

मी पोचलो तेव्हा डंक बंद होता. खुडलेल्या मिरचीची पोती तशीच पडली होती. आक्का ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उखळाशेजारी पाटावर बसून होती.

“चिकोडीच्या आजींचा फोन आलता,” ती म्हणाली. “इचारल्या, बाई, तुझ्या डंकात लसूण कवापासनं पडाय लागला?”

मग मला डंकाचं कोडं उलगडलं. गावच्या डंकावर सगळ्यांचा मसाला कांडतात, त्यात लसूण असतोच. म्हणून हिचा डंक वेगळा. बायका डोळं झाकून खायच्या त्या चटणीवर नाही, ह्या उखळावर विश्वास ठेवून. आणि त्या चिकोडीच्या आजी म्हणजे व्रतं घेतलेली बाई. त्यांनी पिशवी परत धाडली की बाकीच्या पन्नास बायका विचारायलासुद्धा येणार नाहीत.

“मी रील काढून टाकतो,” मी म्हणालो.

“आपल्या पानावरनं ते मी कवाच काढलंय,” सून कोरडेपणानं म्हणाली. “पण ग्रुपातलं कसं काढणार भावजी?”

मग मी दुसरं रील केलं. खुलाशाचं. ह्या वेळी सुनेला आधी दाखवलं. लसणाचं चित्रण माझ्या घरचं, चूक माझी, आक्काचा डंक शुद्ध, असं मी हात जोडून बोललो. तेवढ्यावर थांबायचं. पण जाहिरातीची खाज जात नाही. शेवटी मोठ्या अक्षरात टाकलं, ‘एकदा घ्या, वर्षभर बिनघोर!’

चिकोडीवरनं पुन्हा फोन. आता आजींचा आवाज फोनच्या बाहेर माझ्यापर्यंत येत होता. “वरीसभर? तू मला वरसाचं तिखट धाडत होतीस व्हय गं?”

घडलं ते असं. व्रत पाळणाऱ्या घरात कांडलेल्या, दळलेल्या जिनसांना मर्यादा असते. ऋतू बघून ठरलेले थोडे दिवस, तेवढ्यात खायचं, पुढं नाही. पावसाळ्यात तर फारच थोडे. आक्का ह्या बायकांसाठी सकाळी ताजं कांडून दुपारच्या गाडीला घालायची. बाकीच्यांना वर्षाची चटणी वेगळी. अख्ख्या बाजारात टिकाऊपणा हे कौतुक, इथं तीच शिवी. सुनेच्याही हे ध्यानात आलं नव्हतं, ह्याचं मला जरा बरं वाटलं. आक्कानं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

“शिकल्यासा का तुमी?” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चिकोडीच्या आजी स्वतः आल्या. बरोबर चार-पाच बायका. जीपमधनं उतरल्या त्या सरळ मागच्या सोप्यात. आक्का बाजूला उभी. मी भिंतीला चिकटून. आजी ठेंगण्या, पांढरं लुगडं, आणि नाक असं की फौंड्रीत ठेवलं असतं तर भेगा वासानं ओळखल्या असत्या.

“ह्योच का लसूणवाला?” त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

“व्हय आजी.”

“मोबाइल हाय न्हवं? धर वर. गाणंबिणं लावायचं न्हाय. मधनं कापायचं न्हाय. मी बघीन तसं दिसू दे.”

मी धरला. ते चित्रण आजही भूकंपात काढल्यासारखं दिसतं. आजी खाली बसल्या. उखळात वाकून दीर्घ श्वास घेतला. मुसळाला नाक लावलं. फटीत बोट घालून ते बोट हुंगलं, आणि दुसऱ्या बाईच्या नाकाखाली धरलं. तिनं मान हलवली. मग डबे उघडले, मिरचीचं पोतं उपसलं, चाळण उन्हात धरली. अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलत होत्या. आक्का इतका वेळ बाजूलाच उभी होती. तिच्या लुगड्याच्या पदराचं टोक तिनं मुठीत आवळलं होतं, ते मला चौकटीत दिसत होतं. मी कॅमेरा तिच्यावरनं काढला. आयुष्यात मी केलेलं तेवढंच शहाणं संकलन.

शेवटी आजी उठल्या. कॅमेऱ्याकडं वळून म्हणाल्या, “नोड्री, बघा समद्यांनी. ह्या डंकात लसूण न्हाय. लसूण ह्याच्या डोस्क्यात हाय.” आणि पुन्हा माझ्याकडं बोट.

बायका हसल्या. आक्कासुद्धा. पदर मुठीतनं सुटला.

“आत्ती,” सून हळूच आक्काला म्हणाली, “कांडायचा दिवस आदीच सांगितला तर? ज्यांना ताजं पाहिजे त्यांनी आदल्या दिवशी कळवायचं. सकाळी कांडायचं, दुपारच्या गाडीला. बेंगळूरला राहणाऱ्या आमच्या सगळ्या पोरी ह्याच्यासाठी तरसत्यात. तिथं दहा मिनिटांत दारात काय बी येतंय, पण ते कवा कांडलंय ते कोण सांगत न्हाय.”

आजींनी तिच्याकडं निरखून बघितलं. “नोकरी सोडून आलीस ती तूच न्हवं? बरं केलीस.” गावी आल्यापासून तिला हे असं पहिल्यांदाच कुणी म्हणालं असेल. ती एकदम डबे झाकायला वळली.

आजींचं ते हलतं चित्रण त्याच ग्रुपांत गेलं. माझ्या पहिल्या रीलइतकं ते पळालं नाही. पण ज्या घरांत पोचायला पाहिजे होतं, त्या घरांत पोचलं. आधी चिकोडीची पिशवी पुन्हा सुरू झाली, मग तिच्या मागनं बाकीच्यांची, मग पुण्यातनं, बेंगळूरातनं अनोळखी पोरींचे फोन. आता कांडायच्या सकाळी सून ग्रुपात आवाज टाकते. चित्र नाही, नुसता डंकाचा आवाज, धप्प-धप्प. त्यावर ‘मला पण, आक्का’ असं येत राहतं. मला काही काम उरलं नव्हतं, पण आक्कानं हाकलून दिलं नाही. पिशव्या बांधायला, गाडीवर पोचवायला ठेवून घेतलं.

एक अडचण होती. प्रत्येक पिशवीत कांडल्याचा दिवस लिहिलेलं काहीतरी घालायला पाहिजे होतं. सून छापून घेऊ म्हणाली. आक्का म्हणाली, “छापून कशाला? ह्याच्याकडं गठ्ठा पडलाय की. एक बाजू मोकळीच हाय.”

तेव्हापासून माझी कार्डं सीमाभागात घरोघरी जातात. कोऱ्या बाजूला सुनेच्या अक्षरात ‘आज कांडलं’ आणि वार. दुसऱ्या बाजूला मी.

परवा सकाळी डंक चालू असताना माझाच फोन वाजला. चिकोडीच्या आजी.

“पिशवी पोचली रं. ताजी हाय. पण त्या कागुदाच्या मागल्या बाजूला कुणाचं नाव हाय?”

“माझंच आजी. तीच दर्शनी बाजू हाय.”

“असं व्हय? मला वाटलं कोण एजंट हाय. त्याच्या खाली लसूणवाला म्हणून लिव की रं. वळखू तर येशील.”

“कोण हाय?” आक्कानं डंकाच्या आवाजावरनं ओरडून विचारलं.

“चिकोडीवरनं! पोचली म्हणत्यात!”

आक्कानं मान हलवली आणि उखळात आणखी एक सूपभर मिरची ओतली.