गोळ्या घेतल्या होत्या

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून पायाखालचा जादा ब्रेक दाबण्यातच त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. काही वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हा "टाके वाळले की येते" एवढंच सांगून त्या रजेवर गेल्या आणि टाके वाळल्यावर आल्या. तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी एक गोळी. त्यांच्या कॅन्सरच्या पेशी स्त्रीहॉर्मोनवर पोसल्या जात होत्या, म्हणून गोळीनं ते हॉर्मोन कमी करायचं. एवढं त्यांना समजलं होतं आणि तेवढं पुरे होतं.

मग डावा खुबा दुखायला लागला. क्लचवर पाय ठेवला की कळ यायची. त्यांनी आधी सीटला दोष दिला, मग घरच्या गादीला, मग शिकायला येणाऱ्या एका दंतवैद्याला. तो क्लच असा सोडायचा की गाडी बेडकासारखी उडायची. स्कॅनमध्ये मात्र खुब्याच्या हाडात डाग दिसले. कॅन्सर तिथवर पोचला होता.

बातमी कळताच थोरली नणंद आली. तिची हयात औषधांच्या दुकानात गेली होती, त्यामुळे औषधाच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द तिचा.

"गोळ्या चुकवल्या असशील," बसायच्या आधीच ती म्हणाली.

"नाही चुकवल्या, वन्सं."

"मग हे झालं कसं? औषध पोटात गेलं की काम करतंच. मी काय उगाच केस पांढरे केले?"

ब्रेकबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा आणि बहिणीपुढे तोंड उघडायची त्याला सवय नव्हती. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याचं मत मांडून झालं होतं. हाडातल्या डागांपेक्षा ते चष्मा पुसणं बाईंना जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंनी हाडातला तुकडा काढून तपासायचं ठरवलं.

"जुना रिपोर्ट आहे की," ब्रेकबाई म्हणाल्या.

"तो जुन्या पेशींचा. पसरलेल्या पेशी त्याच राहिल्या असतील असं नाही."

सुई टोचून झाली. रिपोर्ट आला तेव्हा नवराही सोबत होता.

"पेशीत हॉर्मोन पकडणारं एक प्रथिन असतं, रिसेप्टर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हॉर्मोन येऊन चिकटलं की तो पेशीला वाढायला सांगतो. तुमच्या हाडातल्या पेशींमध्ये त्याची घडणच बदलली आहे. आता हॉर्मोन नसलं तरी तो चालूच असतो."

"म्हणजे गोळी वाया गेली?"

"गोळीनं तिचं काम केलं. हॉर्मोन कमीच आहे. पण या रिसेप्टरला आता त्याची गरज उरली नाही. आणि हा बदल दिसतो तो बहुतेक वर्षानुवर्षं गोळ्या घेतलेल्यांमध्येच."

ब्रेकबाईंनी पिशवीतून फोन काढला. "हे माझ्या नणंदेला फोनवर सांगाल?"

फोन स्पीकरवर ठेवून डॉक्टरीणबाईंनी सगळं पुन्हा सांगितलं.

"बरं," नणंद शेवटी म्हणाली. "त्या रिसेप्टरलाच मोडून काढणारं औषध असेल ना?"

"आहे. दर महिन्याला इंजेक्शन. दोन्ही कुल्ल्यांवर."

"मग ती गाडीत बसणार कशी?"

ही माफी आहे, हे ब्रेकबाईंना नंतर टॅक्सीत कळलं. तिथेच नवरा म्हणाला, "रोज सकाळी तू गोळी घेताना मी बघत होतो. ती आली त्या दिवशीच बोलायला हवं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"ताई होती ना."

"उद्यापासून गाडी शिका," बाई म्हणाल्या. "दर वेळी टॅक्सी कोण करणार?"

इतका वाईट विद्यार्थी त्यांना कधी मिळाला नव्हता. तो उभ्या गाडीलाही हॉर्न वाजवून वाट मागायचा. लायसन्स मिळालं तेव्हा ब्रेकबाईंनी परीक्षकाला दोनदा विचारून खात्री करून घेतली. पण इंजेक्शनला तोच त्यांना नेऊ लागला, सावकाश, बाकी सगळ्यांना पुढे जाऊ देत.

कळ हळूहळू कमी झाली. पुढच्या स्कॅनमध्ये डाग होते तेवढेच होते.

"गेलं नाही, पण थांबलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तो रिसेप्टर पुन्हा बदलला तर?"

"तर पुन्हा तपासू, दुसरं औषध शोधू."

ब्रेकबाईंनी मान हलवली. "पुढची तारीख दुपारची द्या," त्या म्हणाल्या. "सकाळी शिकवण्या असतात."