शकुनबाईच्या वाट्या

अकोटात कुणाकडंही डोहाळजेवण असलं की झोपाळ्याची फुलं नंतर, आधी शकुनबाईला निरोप. ओटी, गाणी, पंगत सगळं ती बघायचीच, पण तिचा खरा दबदबा दोन झाकलेल्या वाट्यांचा. एकीत पेढा, एकीत बर्फी. पोटुशीनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खरं ठरलं की बाई गावभर सांगणार. खोटं ठरलं की म्हणणार, "तिनं उजवी उघडाची सोडून डावी उघडली, मी काय करू वो?" अशा बाईपुढं कोण बोलणार, राजेहो!

पण स्वतःच्या लेकीच्या वेळी वाटीनं तिचं नाक कापलं. दामिनीनं पेढा उघडला अन् झाली मुलगी. अंजनगावची विहीण मैनाबाई अशी रुसली की बारशापर्यंत नातीचं तोंड बघायला आली नाही. दामिनी उशीत तोंड खुपसून रडायची. आता तिची दुसरी खेप, सातवा महिना, अन् मैनाबाईचा फोन आला, "वाट्या मांडाच. या खेपेले पेढा निघाला पायजे, अन् खरा बी झाला पायजे."

डोहाळजेवणाच्या सकाळी दामिनी चुलीपाशी येऊन बसली. अकोल्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी पोरगी, पण तोंड पार उतरलेलं.

"आई, वाट्या नको मांडू वं. मले भेव वाटते."

"बाप्पा! तू तं शिकलेली. तुले कायचं भेव?"

"वाटीचं नाही, मांगच्यासारखं होईन त्याचं. वाटीत काय ठेवते तू? पोटात लेकरू सहा आठवड्याचं होते तवरोक पोरगा का पोरगी, वेगळं दिसतच नाही. दोघायच्याबी नळ्या तयार असते."

"दोघायच्या?" शकुनबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. "म्हंजे एकाच लेकराजवळ दोन्ही सामान?"

"हो. मंग बापाकडून वाय गुणसूत्र आलं असन, तं त्याच्यावरचं एक जीन जागं होते. ते बाकीच्या जीनायले कामाले लावते, अन् पोराचं शरीर घडत जाते. पोरीच्या नळ्या विरून जाते. वाय नसलं तं दुसरे जीन पोरीचं घडवते, अन् पोराच्या नळ्या जाते. माह्या हातात काय होतं त्याच्यात?"

"म्हंजे हे जावायबापूच्या घरून आलं म्हना की!" शकुनबाई ओट्यावर बसलेल्या गजेंद्राकडं बघून ओरडली. बिचाऱ्या जावयाला चहाचा ठसका लागला. पण हसता हसता लेकीचे डोळे भरले, ते आईनं बरोबर पाहिलं. तिनं लाटणं बाजूला ठेवलं अन् मिठाईचा डबा ओढला.

दुपारी घर बायांनी भरलं. मैनाबाई सगळ्यात पुढं. वाट्या आल्या, गाणं थांबलं. दामिनीनं डावी उघडली. आत पेढा, अन् त्याला चिकटून बर्फी. मैनाबाईनं झडप घालून उजवी उघडली. तिच्यातही पेढा अन् बर्फी!

"हे काय तमाशा लावला, ईनबाई?"

"तमाशा नाही. लेकरू दोन्ही घेऊनच निंगालं होतं. तुमच्या गजेंद्रानं काय देलं, त्याच्यावर कवाचंच ठरलं." शकुनबाईचा आवाज चढला अन् मध्येच फाटला. "मांगच्या खेपेले पेढा निघाला, पोरगी झाली, अन् तुमी आल्या नाही. माही लेक दरवाज्याकडं पाहत राहे. या खेपेले काहीबी होवो, तुमी येसान का? तेवढं सांगा."

मैनाबाईनं तोंड फिरवलं. तिच्या मांडीवर येऊन बसलेल्या नातीनं वाटीत हात घातला, तर तिला अडवलं मात्र नाही.

अंजनगावची गाडी निघून गेली. शकुनबाईच्या जिवाला घोर लागून राहिला.

बाळंतपणाच्या दिवशी ती अकोल्याच्या दवाखान्यात धावत पोचली, तर बाकावर मैनाबाई आधीच बसलेली, मांडीवर नात, शेजारी डिंकाच्या लाडवांचा डबा. नर्स बाहेर आली अन् हसून काही सांगणार, तोच मैनाबाईनं हात वर केला.

"थांब वो बाई. पयले माही सून कशी हाये, थे सांग."

शकुनबाई तिथंच, सगळ्या लोकांसमोर, मोठ्यानं रडली.