उलटलेलं चिन्ह

नातीच्या गणिताच्या वहीत परवा असमानतेचं एक उदाहरण दिसलं आणि पन्नास वर्षांपूर्वीचा राग जसाच्या तसा वर आला.

बाहत्तर साली मी भिंगारच्या एका शाळेत गणित शिकवत होते. नवा अभ्यासक्रम नुकताच आला होता आणि मी अजून नोकरीत कायम झाले नव्हते. त्या दिवशी डोक्यावरचा पत्रा तापला होता, घशात खडूची धूळ होती आणि तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर पान चघळत बसले होते. मी फळ्यावर लिहिलं: उणे दोन क्ष सहापेक्षा लहान, म्हणून क्ष उणे तीनपेक्षा मोठा.

"चिन्ह का उलटवलंत?" साहेब म्हणाले. "मुलींना चुकीचं शिकवता?"

"उणे संख्येनं भागलं की चिन्ह उलटतं, साहेब."

"मला शिकवू नका."

पहिल्या बाकावरची सखू हळूच म्हणाली, "बाई, शून्य घालून बघा की. तुमचंच बरुबर येतंय."

"गप्प बस," साहेबांशेजारी उभे असलेले हेडमास्तर तिच्यावर खेकसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, पुसा ते."

मी पुसलं. साहेबांचं उत्तर माझ्या हातानं लिहिलं आणि सगळ्या वर्गानं ते उतरवून घेतलं. पुढच्या महिन्यात मी कायम झाले.

कितीतरी वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आता त्याचा चेहराही धड आठवत नाही. आठवते ती सखू. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन माझ्याकडे आली होती.

"बाई, परीक्षेत कंचं लिहू?"

"साहेबांचं," मी म्हणाले.