नोन्ना कुठल्या वळणावर

फिलोमिना टार्क्विनियो कधी खाली बसायची नाही. जेवायची तेही चालता चालता. अंगातला कोट उन्हाळ्यातही काढायची नाही, फक्त बटणं सोडायची. बुटांच्या नाड्या बांधून झाल्या तरी पुन्हा वाकून बघायची. एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करायची. लिफ्टला ती 'पेटी' म्हणायची आणि तिच्यात पाय ठेवायची नाही. दगडाला हात लावायचा तर उलट्या हातानं, तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा.

फक्त थोरल्या जिन्याच्या दुसऱ्या वळणावर ती थांबायची. तिथं कठड्याखालच्या दगडात डोक्याला रुमाल बांधलेल्या बाईचा काळवंडलेला चेहरा होता. त्याच्याशेजारी उभं राहिल्यावर तिचे पाय स्थिर व्हायचे. दिवसभरात तेवढंच.

कॅपिटॉल, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाची इमारत, बघायला येणाऱ्यांना ती आतून फिरवायची. विधिमंडळाचं अधिवेशन असो नसो, पिवळ्या बसमधून चौथीची पोरं येतच असत. राज्यातलं प्रत्येक पोर चौथीत असताना एकदा कॅपिटॉल बघतं. फिलोमिनाही तशीच आली होती, वडिलांचा हात धरून.

"दारातून आत ये, पण किल्ल्या बाहेर ठेव," दारावरचा पहारेकरी लाइल प्रुइट रोज म्हणायचा. "तुझ्या खिशामुळं माझं यंत्र रोज बोंबलतं."

"तुझ्यावर गेलंय. कारण नसताना ओरडतं."

"कारण रोज तेच असतं. तू."

मग ती पोरांकडे वळायची.

"पोरांनो, ही इमारत तीन माणसांनी बांधली आणि तिघांचं एकमेकांशी पटलं नाही. पहिल्यानं खालचे मजले साधे ठेवले. त्याला घरी पाठवलं. दुसऱ्यानं वर कमानी आणि नक्षी सुरू केली. तिसरा आला तेव्हा टेकडी खचायला लागली होती. त्यामुळं घुमट झालाच नाही. एवढा मोठा जिना, आणि वर जाऊन बघावं तर काचेचं छप्पर. नवा कोट घालून लग्नाला निघालेला माणूस टोपी घरी विसरला, तशी ही इमारत आहे."

पोरं हसायची. ती तोवर चार पायऱ्या वर गेलेली असायची.

"घुमट नाही म्हटल्यावर पाथरवटांना जिना मिळाला. त्यांनी आधी राज्यपाल कोरले, सेनापती कोरले. मग मोठी माणसं संपली आणि जिना उरला. म्हणून दिसेल त्याला कोरत सुटले. दूधवाला, पोस्टमन, कुणाची मुलगी, कुणाचा कुत्रा. आणि ही माझी नोन्ना. माझी आजी, असुंता."

असुंता पोरवयात होती तेव्हा तिचे दोन्ही भाऊ इथं दगड घडवायचे. ती टेकडी चढून त्यांचं जेवण आणायची, पावात भरलेल्या परतलेल्या मिरच्या आणि अंडी. भावांना दिलं की उरलेलं इतरांना वाटायची. एक पाथरवट तिला म्हणाला होता, तुला जिन्यात ठेवतो. इमारत उघडली त्या दिवशी मात्र आत गेली ती चांगल्या टोप्यांची माणसं. असुंता कुंपणापाशी उभी राहून परत आली. पुढं आयुष्यभर तिनं त्या दारातून पाऊल टाकलं नाही. मरताना एवढंच म्हणाली, "मी तिथं आहे."

फिलोमिनाच्या घराण्याचं या राज्यात दुसरं काही नव्हतं. शेत नाही, दुकान नाही, रस्त्याला नाव नाही. जिन्यातला तो एक चेहरा होता.

मग जिन्याची सफाई निघाली. गॅसच्या दिव्यांची आणि आमदारांच्या चिरुटांची काजळी दगडात मुरली होती. इनेझ क्वार्ल्स नावाची बाई ते काम करायची. दगडावर रबरासारखा लेप लावायचा, सुकू द्यायचा, मग सोलून काढायचा. काळं सगळं लेपाबरोबर निघून येई आणि खाली मधाच्या रंगाचा दगड दिसे.

"माझ्या आजीला जपून," फिलोमिना येताजाता बजावायची.

"माझ्या आजीपेक्षा जास्त जपते," इनेझ म्हणायची. "ती मला शिव्या द्यायची. तुमची निदान गप्प आहे."

एका सकाळी इनेझनं तिला हाक मारली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"मॅडम, जरा येता? तुमच्या आजीचा लेप आज सोलला."

फिलोमिना आली. चेहरा स्वच्छ होता. तिनं तो असा कधीच बघितला नव्हता.

"हा रुमाल नाहीये," इनेझ म्हणाली. "वर्तमानपत्राची टोपी आहे. पाथरवट घालायचे, केसांत भुकटी जाऊ नये म्हणून. ही घडी बघा. आणि या बारीक रेघा म्हणजे छापलेल्या ओळी. कोरणाऱ्यानं त्यासुद्धा सोडल्या नाहीत."

"रुमालालाही घड्या असतात."

"असतात."

"मग?"

"हनुवटीला हात लावून बघा."

फिलोमिनानं उलटा हात लावला. हनुवटीभर छिन्नीनं मारलेले बारीक टोचे होते. दाढीचे खुंट.

"म्हातारपणी नोन्नाच्या हनुवटीवर केस होते," ती म्हणाली. "चांगले राठ होते." आणि हसली. इनेझ हसली नाही. मग फिलोमिनाचंही हसू थांबलं.

तिथं ती उभी राहू शकली नाही. वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. लाइल खालून बघत होता.

दुपारी तिनं बहिणीला फोन केला. ओटाव्हिया नदीपलीकडं राहायची आणि फोनवर नेहमी भांडी घासत असल्यासारखी बोलायची.

"कुणाला सांगितलंस?"

"अजून कुणाला नाही."

"मग सांगू नकोस. बाबांनी दाखवली होती ना तुला? संपलं."

"बाबांनी खालून दाखवली, ओटाव्हिया. बोट वर करून. त्या बोटाच्या रेषेत दहा चेहरे येतात."

"नोन्ना मरताना खोटं बोलली का?"

"ती 'तिथं' म्हणाली. कुठं ते नाही म्हणाली."

"लोकांची आजी मरते एकदा. तू आपलीला जिन्यातूनही बाहेर काढ. जन्मभर दाराबाहेर उभी राहिली, अजून राहू दे."

फिलोमिनानं फोन बंद केला. तो हातातच होता हे तिला बऱ्याच वेळानं कळलं. तोवर ती पश्चिमेकडच्या दालनाला दोन फेऱ्या मारून आली होती.

दुसऱ्या दिवशी पिवळी बस आली. एक मुलगी पहिल्याच पायरीवर म्हणाली, "माझ्या दादानं सांगितलंय, तुमची आजी बघून ये."

"बघू."

दुसरं वळण आलं. फिलोमिना न थांबता पुढं गेली. पाच पायऱ्या, सहा पायऱ्या. पोरं मागंच उभी होती.

"मिस टार्क्विनियो, आजी कुठंय? इथं तर माणूस आहे."

"दाढीवाला आहे," दुसरा एकजण ओरडला.

एक शब्द पुरला असता. तिच्या जिभेवर तो होता. सावलीमुळं तसं दिसतं, एवढं म्हटलं असतं तरी पोरांनी मान डोलावली असती. ती सहा पायऱ्या खाली उतरली.

"हो," ती म्हणाली. "माणूसच आहे. मी आजवर चुकीच्या माणसाला नोन्ना म्हणत आले."

मग तोच ओरडणारा मुलगा म्हणाला, "म्हणजे हा तुमच्या आजीनं आणलेलं खायचा?"

फिलोमिनानं त्या चेहऱ्याकडं बघितलं.

"खात असेल. तोंड भरलेलं दिसतंय खरं."

"मग आजी कुठंय?"

"इथंच आहे. मला माहीत नाही कुठं."

पोरांना एवढं पुरलं. सगळा जिना त्यांनी डोक्यावर घेतला. "ही का?" "तो राज्यपाल आहे, मिशा बघ ना." "मग ही?" "अरे, तो कुत्रा आहे!" शिक्षिका दटावत होती आणि फिलोमिना त्यांच्या पुढं धावत होती.

त्यानंतर ती थांबली नाही. थांबायची जागाच राहिली नव्हती. गटांच्या मध्ये, जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात असायची. एका हातात सँडविच, दुसऱ्या हातात लांब दांडीचा आरसा, दाताचे डॉक्टर वापरतात तसला पण मोठा. काही चेहरे पायऱ्यांच्या पोटाशी आहेत, काही भिंतीकडं वळलेले. ते आरशाशिवाय दिसत नाहीत. नोन्नाचा तरुणपणीचा फोटो कुणाकडं नव्हता. ती वरच्या ओठाला पडलेली खाच शोधत होती. लहानपणी पडल्याची ती खूण ओटाव्हियालाही आठवत होती. पोरांना खरं सांगून टाकल्यापासून ती फिलोमिनाशी बोलायची बंद झाली होती, तरी एकदा फोन करून तिनं तेवढं सांगितलं. "डावीकडं होती," म्हणाली आणि फोन ठेवला.

जिथवर बघून झालं तिथं फिलोमिना कठड्याला तांबड्या लोकरीचा धागा बांधायची. रोज तो सोडून पुढं न्यायची.

"सापडली?" लाइल विचारायचा.

"तुझ्यासारखे तीन सापडले. तिघांचीही तोंडं उघडी."

"तू जरा बस, फिलोमिना. दगड कुठं पळत नाहीयेत."

"मी बसले तर पळतील."

थंडी सरत आली होती. एका गुरुवारी लाइलचं यंत्र सकाळभर गप्प होतं. चौथीची पोरं दारात ताटकळली. त्यानं फोन लावला, पुन्हा लावला, मग ओटाव्हियाचा नंबर शोधला. फिलोमिना घराच्या दारातच पडली होती. कोट अंगात होता. बटणं लावलेली होती.

शवपेटीशेजारी ओटाव्हिया उभी होती. खुर्ची पुढं केली तरी बसली नाही. कॅपिटॉलमधून गेलेल्या आम्हा प्रत्येकाला तिनं एकच विचारलं, "कुठवर आली होती?"

धागा तिसऱ्या वळणावर आहे. सफाईवाल्यांनी तो सोडायला घेतला तेव्हा लाइल दारावरची जागा टाकून वर आला. तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही. आरसा त्याच्या टेबलाखाली आहे.

धाग्याच्या पुढं जिना आणखी दोन वळणं वर जातो. इनेझचा लेप तिथवर अजून पोचलेला नाही. धाग्याला लागून असलेला चेहरा भिंतीकडं वळलेला आहे. तो काळाच आहे.