चाकाचे नट आणि बाबांची अट

रायपूर राजधानी झाल्यावर सरकारी कचेऱ्या एकेक करून शहराबाहेरच्या नव्या रायपूरला हलल्या. माझीही हलली. तेलीबांधा तलावाच्या पुढे लांबच लांब मोकळा रस्ता. मी एक जुनी गाडी घेतली, तर बाबांनी लगेच अट घातली.

"चाक सोता बदलून दाखव, मंग जा एकटी. रस्त्यात पंक्चर झाली त कोणाले बोलावशीन?"

मला राग आला. चाळिशीतल्या बाईची परीक्षा! पण बाबांचा जन्म रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत गेलेला. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

चाकाचे नट गंजून जाम झाले होते. मी पान्याला लोंबकळले तरी हलेनात. शेवटी बाबांनीच पान्यावर पाइप चढवून ते सोडवले, आटे तारेच्या ब्रशनं घासले आणि डबीतला चंदेरी लेप लावला. तो लावला की नट पुन्हा चिकटत नाहीत.

"आट्यालेच लावाचा, पातळ. नट चाकाले टेकते तिथं नाही."

शिकवलं पातळ, पण लेप त्यांच्या बनियनला, चष्म्याला आणि आईच्या नव्या पडद्यालाही लागला. आईनं त्यांचा यथेच्छ उद्धार केला.

मग बाबांनी नट कसायला घेतले, वॅगनच्या सवयीनं, पान्यावर पाय देऊन, करकर आवाज येईपर्यंत. लेपामुळे करकर काही येईना. ते आणखी दाबत राहिले, आणि नट ज्यावर बसतो तो स्टडच खटकन तुटला.

बाबा तुकडा हातात घेऊन ओट्यावर बसले. चहासुद्धा नको म्हणाले. आता गाडी विकायला लावतात, असं मला वाटलं.

"लेप लावल्यावर एवढा जोर लागतच नाही," ते तुकडा उलटसुलट करत म्हणाले. "काहून ध्यानात नाही आलं मले?"

गुढियारीच्या गॅरेजातून नवा स्टड बसवून आणल्यावर त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "तूच कस. पाय नाही, पाइप नाही." मी कसले. त्यांनी एकेक नट तपासला. "बस. तुह्या हातानं कसले, तुह्याच हातानं निघतीन."

पुढच्या रविवारी मी चाक काढलं, परत चढवलं. बाबा खुर्चीवरून नुसते पाहत होते.

"जा आता," ते हसून म्हणाले. "मले बोलवाचं काम नाही तुले."

परीक्षेत पास झालेली ती चाळिशीतली बाई तलावापर्यंत रडत गाडी चालवत गेली.